सर्व्हे ‘निनावी’ आहे म्हणजे नक्की काय: थोडी पार्श्वभूमी

सर्व्हेच्या अगदी वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की तुमची उत्तरं पूर्णपणे निनावी राहतील, आणि चार दिवसांनी त्याच सर्व्हेचं रिमाइंडर येतं की आपण अजून फॉर्म भरलेला नाही. उत्तरं निनावी असतील तर मी भरलं नाही हे त्यांना कळलं कुठून? लिंक नीट बघितली तर शेवटी पंधरा-वीस अक्षरं-आकड्यांचं एक शेपूट असतं, प्रत्येकाला वेगळं, आणि त्या शेपटाला ग्राहक क्रमांक, मोबाइल नंबर, शेवटची ऑर्डर हे सगळं आधीच बांधून ठेवलेलं असू शकतं. फॉर्मवर नाव विचारत नाहीत म्हणून आपण निवांत असतो, पण बऱ्याचदा नाव विचारत नाहीत कारण ते त्यांच्याकडे असतंच.

डेटा विकला जातो, लीक होतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. मला सांगायचंय ते या ‘निनावी’ शब्दाबद्दल, कारण त्याच्यावरून पन्नास वर्षं भांडण चालू आहे.

ग्राहकाकडून माहिती काढायचा जुना मार्ग म्हणजे वॉरंटी कार्ड. खोक्यात वस्तूबरोबर एक कार्ड यायचं, भरून पोस्टात टाकायचं. १९७०च्या दशकात अमेरिकेत या कार्डांवर घरातलं उत्पन्न, मुलं किती, छंद कोणते असे प्रश्न आले, आणि डेन्व्हरच्या एका कंपनीने तर ही कार्डं गोळा करून त्यांच्या याद्या टपालाने जाहिराती पाठवणाऱ्यांना पुरवायचा धंदाच उभा केला. लोक भरायचे कारण त्यांना वाटायचं की कार्ड पाठवलं नाही तर वॉरंटी जाईल. १९७५ला तिथे वॉरंटीचा कायदा आला, आणि त्याच्याखालच्या नियमांत स्पष्ट झालं की ‘फुल’ वॉरंटी देणाऱ्याला कार्ड परत पाठवायची अट घालता येणार नाही. पण तो धाक लोकांच्या मनातून गेला नाही, आजही ‘रजिस्टर करा’ म्हटलं की माणूस जन्मतारखेसकट सगळं भरून मोकळा होतो.

१९७३ला अमेरिकन सरकारच्या एका समितीने एका कामासाठी घेतलेली माहिती न विचारता दुसऱ्या कामाला वापरू नये हे तत्त्व मांडलं, १९८०ला श्रीमंत देशांच्या एका संघटनेने तेच आठ तत्त्वांत बसवलं, आणि पुढचे बहुतेक कायदे त्यातूनच निघाले.

आता १९७५चीच अजून एक गोष्ट, माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ तिथे आहे. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय साप्ताहिकाने आपल्याच वर्गणीदारांचा सर्व्हे केला. सोबतच्या पत्रात प्रत्येकाचं उत्तर गोपनीय राहील असं आश्वासन होतं, कागदावर नाव नाही, नंबर नाही, काही नाही. एका प्राध्यापकाने तो कागद अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरला तर अदृश्य शाईत लिहिलेला कोड चमकला, म्हणजे कुठला कागद कुणाचा हे वर्गणीदारांच्या यादीशी ताडून बघायची सोय आधीच करून ठेवलेली. पुढे संशोधकांच्या नियतकालिकांत यावर बरीच चर्चा झाली.

यात गंमत अशी की शब्दावर बोट ठेवलं तर पत्र खोटं नव्हतं. पत्रात ‘गोपनीय’ लिहिलं होतं, ‘निनावी’ नाही. गोपनीय म्हणजे तू कोण हे मला माहीत आहे पण मी कुणाला सांगणार नाही, आणि निनावी म्हणजे तू कोण हे मलाच माहीत नाही. पहिल्यात सगळं समोरच्याच्या शब्दावर चालतं, आणि तो शब्द मोडायला फार काही लागत नाही, कंपनी विकली गेली, कोर्टाने कागद मागवले, सर्व्हरवर चोरी झाली, नवीन मॅनेजर आला आणि त्याला वाटलं की बघूया कोण काय म्हणतंय, झालं. दुसऱ्यात मोडायलाच काही नसतं. ज्याने सर्व्हे भरला त्याच्या मनात मात्र हे दोन्ही शब्द एकच असतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की फॉर्म लिहिणाऱ्याला हे माहीत असतं.

मराठीत तर हा गुंता अजून वाढतो. ‘निनावी’ला आपल्याकडे निनावी पत्राचा वास आहे, चुगलीचा, म्हणून फॉर्मचं भाषांतर करताना तो टाळतात आणि ‘गोपनीय’ किंवा ‘गुप्त’ वापरतात कारण ते जरा भारदस्त वाटतं, कधी ‘अनामिक’ टाकतात, आणि मग एकाच फॉर्मवर वर ‘गोपनीय’, खाली ‘ओळख उघड होणार नाही’, शेवटच्या पानावर ‘निनावी प्रतिसादाबद्दल आभार’. तीन वेगळी आश्वासनं, एका पाठोपाठ एक. कुठलं पाळणार?

खरी निनावी पद्धत अवघड असते असंही नाही. टपालाच्या जमान्यात एक साधी युक्ती होती, फॉर्मबरोबर एक वेगळं पोस्टकार्ड द्यायचे, फॉर्म बिननावाचा एका पाकिटात, आणि ‘मी भरून पाठवलाय’ एवढंच सांगणारं नावाचं कार्ड स्वतंत्र टाकायचं. कार्ड आलं नाही त्यालाच आठवण जायची, आणि उत्तर कुणाचं ते कुणालाच कळायचं नाही. म्हणजे वर जे रिमाइंडरचं म्हटलं ते प्रामाणिकपणे करता येतं, आजही सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते, फक्त ती चालू करावी लागते.

आणि त्याच्याही आधी, १९६५ला, एका अमेरिकन संशोधकाने अजून भारी गोष्ट सुचवली होती. नाजूक प्रश्न असेल तर उत्तर देणाऱ्याच्या हातात एक भिंगरी द्यायची, ती त्याने एकट्याने फिरवायची, काटा ‘मी या गटात आहे’ किंवा ‘मी या गटात नाही’ यातल्या एका वाक्यावर थांबणार, आणि त्याने फक्त ते वाक्य आपल्याला लागू आहे की नाही एवढंच ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगायचं. काटा कुठे थांबला ते विचारणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे समोरच्याचं ‘हो’ ऐकूनही त्याच्याबद्दल पक्कं काही कळत नाही, पण काटा कुठल्या वाक्यावर किती वेळा थांबतो ते प्रमाण माहीत असल्यामुळे हजार लोकांची उत्तरं मिळून एकूण टक्केवारी गणिताने काढता येते. ही कल्पना कितीतरी वर्षं मुख्यतः संशोधकांच्याच वापरात होती, २०१४ला एका मोठ्या ब्राउझरने वापराची आकडेवारी गोळा करायला तिचाच नवा अवतार वापरला. ग्राहक सर्व्हेत ती वापरलेली मी तरी पाहिलेली नाही.

१९८३चा एक जर्मन निकाल इथे सांगायलाच हवा, जरी तो सरकारी जनगणनेचा असला तरी. लोकांनी बहिष्काराची मोहीम उघडली होती, कोर्टाने एप्रिलमध्ये गणना थांबवली आणि १५ डिसेंबर १९८३ला निकाल दिला की आपल्या माहितीचं काय व्हावं हे ठरवायचा हक्क मुळात त्या माणसाचा आहे. पण त्यातला कमी चर्चेतला भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गणनेत मिळालेली माहिती स्थानिक रहिवाशांच्या नोंदवहीशी ताडून नोंदी दुरुस्त करायची तरतूद होती, ती कोर्टाने रद्द केली. मोजणीसाठी म्हणून घेतलेलं उत्तर एकेका माणसाच्या फाइलवर काम करायला वापरता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

ग्राहक सर्व्हेत नेमकं हेच उलटं झालं, आणि ते कधी झालं तेही सांगता येतं. बाजार संशोधनाच्या आचारसंहितेत जुना नियम होता की उत्तर देणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीशिवाय सर्व्हे करवून घेणाऱ्या कंपनीला द्यायचं नाही, कंपनीला फक्त आकडे मिळणार. संशोधनाच्या नावाखाली माल विकायचा नाही हाही त्यातलाच. २००३ला एका अमेरिकन व्यवस्थापन मासिकात लेख आला की लांबलचक सर्व्हे सोडा, एकच प्रश्न विचारा, आमची शिफारस मित्राला कराल का, शून्य ते दहा. नऊ-दहा देणारे आपले, शून्य ते सहा नाराज, पहिल्यांच्या टक्क्यांतून दुसऱ्यांचे टक्के वजा करा. प्रश्न जगभर पसरला आणि त्याच्याबरोबर एक प्रथाही पसरली, नाराज ग्राहकाला लगेच फोन करून त्याचं म्हणणं ऐकायचं. हेतू वाईट नाही, अजिबात नाही, तक्रार ऐकणं चांगलंच. पण फोन करायचा तर नंबर हवा, म्हणजे उत्तराला नाव बांधलेलं हवं. सर्व्हे हा लोकांचं एकूण मत कळायचं साधन होता, तो या एका माणसाचं काय करायचं ते ठरवायचं साधन झाला, आणि वरचं ‘निनावी’ मात्र बऱ्याच फॉर्मवर तसंच राहिलं, बहुतेक जुन्या नमुन्यातून कॉपी होत होत.

माझा स्वतःचा अनुभव इथे सांगतो. एका सर्व्हिस सेंटरच्या ‘निनावी’ सर्व्हेत मी तीन गुण दिले आणि खालच्या चौकटीत लिहिलं की दोनदा वेळ देऊन कुणी आलं नाही, तिसऱ्यांदा आलेला मुलगा चांगला होता पण त्याच्याकडे पार्ट नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाचाच फोन. माझंच वाक्य त्याने मला वाचून दाखवलं आणि म्हणाला, “सर, तीन माझ्या नावावर लागलेत, तुम्ही लिंक उघडून बदलता का?” मी विचारलं तुला कसं कळलं मी दिले, तर म्हणाला, “आम्हाला स्क्रीनवर दिसतं ना सर.” मला त्याचा राग आला नाही, वाईट वाटलं, कारण ज्याला मी चांगलं म्हटलं होतं त्यालाच माझा आकडा जाऊन लागला होता. त्यानंतर कितीतरी दिवस मी कुठल्याच सर्व्हेत खरं लिहिलं नाही, सगळीकडे दहा.

बरं, समजा लिंकला शेपूट नाही आणि नावही जोडलेलं नाही, तरी काम संपत नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या गेल्या, गव्हर्नरने लोकांना आश्वासन दिलं की ओळख सुरक्षित आहे. एका विद्यार्थिनीने २० डॉलरला, गव्हर्नर राहायचा त्या तिथल्या केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली आणि दोन्ही ताडून बघितल्या. गव्हर्नरच्या जन्मतारखेचे शहरात सहा जण होते, त्यातले तीन पुरुष, आणि त्याच्या पोस्टल कोडमध्ये तो एकटाच. त्याच्याच नोंदी सापडल्या! पुढे २०००च्या तिच्या अभ्यासात आलं की पोस्टल कोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्यावर अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकटे उरतात, २००६ला दुसऱ्या संशोधकाने नव्याने हिशोब केला तर ६३ टक्के आले. ६३ धरा हवं तर. ग्राहक सर्व्हेच्या शेवटच्या पानावर ‘थोडं तुमच्याबद्दल’ म्हणून जे विचारतात ते हेच तीन प्रश्न असतात, आणि पूर्ण जन्मतारखेची गरज मला आजवर कुणी पटवून दिलेली नाही, वयोगट पुरतो.

२००६ हे वर्ष तर या विषयात सगळ्यात वाईट. ऑगस्टमध्ये एका इंटरनेट कंपनीने साधारण साडेसहा लाख लोकांचे दोन कोटी सर्च, नावाच्या जागी आकडे टाकून, संशोधनासाठी म्हणून खुले केले, आणि काही दिवसांतच पत्रकार त्यातल्या एका ६२ वर्षांच्या बाईंच्या दारात पोचले, त्यांनीच काय काय शोधलं होतं त्यावरून. त्याच वर्षी एका सिनेमा भाड्याने देणाऱ्या कंपनीने स्पर्धेसाठी १० कोटी रेटिंग दिली, जवळपास ४ लाख ८० हजार ग्राहकांची, नावाशिवाय. दोन संशोधकांनी दाखवलं की एखाद्याची आठ रेटिंग माहीत असतील, त्यातली दोन चुकीची असली आणि तारखा चौदा दिवस इकडेतिकडे असल्या तरी ९९ टक्के नोंदी एकट्या वेगळ्या काढता येतात. हे रेटिंग म्हणजे ग्राहकांनी दिलेले स्टार, आपण रोज देतो तसलेच. दुसरी स्पर्धा जाहीर झाली होती, कोर्टात दावा झाल्यावर २०१०ला ती रद्द केली.

यानंतर कायद्याला तिसरा शब्द घ्यावा लागला. युरोपचा कायदा २५ मे २०१८ला लागू झाला, त्यात ‘टोपणनावी’ डेटा म्हणून वेगळी व्याख्या आहे: नाव काढून आकडा घातलाय पण आकड्यावरून नावापर्यंत जायची किल्ली कुठेतरी ठेवलेली आहे. किल्ली ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी असा डेटा वैयक्तिकच, निनावी नाही. म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं लिंकचं शेपूट कायद्याच्या भाषेत निनावी ठरत नाही. दंड २ कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत, जे जास्त असेल ते. पुढे इतर देशांनीही कायदे केले, त्यांचे तपशील वेगवेगळे आहेत, पण गरजेपुरतंच विचारा हे सूत्र बऱ्याच ठिकाणी आहे.

२०१८चीच दुसरी बातमी सगळ्यांना आठवत असेल, एका सोशल साइटवर साधारण २ लाख ७० हजार लोकांनी व्यक्तिमत्त्व चाचणी भरली आणि मित्रांच्या यादीतून ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली. तिच्यावर भरपूर लिहून झालंय. तिच्या आवाजात जूनमधली एक बातमी मात्र दबली. ऑनलाइन फॉर्म बनवून देणाऱ्या बार्सिलोनाच्या एका कंपनीची बॅकअप फाइल चोरीला गेली, ३ मेपर्यंतची उत्तरं त्यात होती. ज्यांची उत्तरं गेली त्यातल्या बहुतेकांनी त्या कंपनीचं नावही ऐकलं नसेल, त्यांनी फॉर्म भरला होता आपल्या बँकेचा, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात तर निवडणूक कार्यालयाचा, आणि ब्रिटनमधल्या एकाच बँकेच्या साधारण २० हजार ग्राहकांना तसं कळवावं लागलं. बक्षिसाची सोडत संपलेली, सर्व्हेचा रिपोर्ट कधीच सादर झालेला, असे फॉर्मही नावापत्त्यासकट पडून राहतात, कारण पुसायचं काम कुणाकडेच दिलेलं नसतं. उत्तरं किती दिवस ठेवणार हे फॉर्मवरच लिहिलेलं मी आजवर दोन-तीनदाच पाहिलंय, आणि त्यातल्या एकावर लिहिलं होतं: ‘आवश्यक असेल तोपर्यंत’.