राष्ट्रीय लवचिकता (ऊर्जा, पर्यावरण आणि अर्थव्यवस्था)

राष्ट्रीय लवचिकता : मोठा धक्का बसल्यावरही देशाचे अत्यावश्यक व्यवहार चालू ठेवण्याची, विस्कटलेली घडी लवकर बसवण्याची आणि गरज पडल्यास व्यवहाराची रीतच बदलण्याची क्षमता. धक्का वादळाचा असो, अडलेल्या तेलाचा असो की आटलेल्या परकीय चलनाचा. वीज, पाणी, अन्न आणि इंधन यांचा पुरवठा किती तग धरतो यावर ती जोखली जाते. पूर्वी हा विषय युद्धसज्जतेत मोडत असे. आता ऊर्जा, पर्यावरण आणि अर्थकारण यांचा एकत्र विचार केल्याशिवाय तो नीट कळत नाही, कारण एका व्यवस्थेतला बिघाड बरेचदा दुसरीच्या दारातून आत शिरतो. खाती मात्र बहुतेक देशांत तीन, त्यांचे मंत्री तीन आणि हिशेबही वेगवेगळे असतात.

या कल्पनेला १९७३ या एकाच वर्षी दोन वेगळ्या दिशांनी बळ मिळाले. कॅनडाचे पर्यावरणशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी त्या वर्षीच्या निबंधात स्थैर्य आणि लवचिकता या वेगळ्या गोष्टी असल्याचे मांडले. पूर्व कॅनडाच्या जंगलांत झाडांच्या कळ्या खाणाऱ्या एका अळीचा अधूनमधून उद्रेक होतो आणि बाल्सम फरची झाडे मोठ्या प्रमाणावर मरतात. पण त्यामुळेच एरवी फरपुढे मागे पडणाऱ्या स्प्रूस आणि बर्चला जागा मिळते. असे जंगल स्थिर मुळीच नसते, तरी ते टिकते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब तेल उत्पादक देशांनी निर्यातबंदी लादली आणि पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाला. त्यातून नोव्हेंबर १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. निव्वळ आयातीच्या किमान ९० दिवसांइतका तेलसाठा राखणे हे तिच्या सदस्य देशांवर बंधनकारक आहे. अमेरिकेने असा साठा टेक्सास आणि लुइझियानातील जमिनीखालच्या मिठाच्या पोकळ्यांत केला.

तेल साठवून ठेवता येते. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे अजूनही महागडे आहे. म्हणून ग्रिडमध्ये, म्हणजे वीजकेंद्रे आणि ग्राहक यांना जोडणाऱ्या वीजजाळ्यात, साठ्याऐवजी राखीव क्षमता ठेवतात. कोणताही एक मोठा वीजनिर्मिती संच किंवा वाहिनी अचानक बंद पडली तरी उरलेल्या यंत्रणेने भार पेलला पाहिजे, याला एन-१ निकष म्हणतात. एकाच कारणाने अनेक संच एकाच वेळी बंद पडले, तर मात्र हा निकष तोकडा पडतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये तेच झाले. कडाक्याच्या थंडीत नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि उपकरणे गोठली, वायू कमी मिळू लागला, काही वीजकेंद्रे स्वतःच गारठून थांबली. मागणी भागेना म्हणून भारनियमन सुरू झाले. त्यात वायू काढणारी आणि पुढे ढकलणारी काही केंद्रेही अंधारात गेली, कारण अत्यावश्यक ग्राहकांच्या यादीत त्यांची नोंदच नव्हती. वीज नाही म्हणून वायू नाही आणि वायू नाही म्हणून वीज नाही, असे दुष्टचक्र सुरू झाले. १५ फेब्रुवारीच्या पहाटे ६० हर्ट्‌झवर चालणाऱ्या ग्रिडची वारंवारता (विजेच्या प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने; मागणीपुढे निर्मिती कमी पडली की ती घसरते) ५९.४ च्या खाली गेली आणि ४ मिनिटे २३ सेकंद तिथेच राहिली. ही घसरण ९ मिनिटे टिकली असती, तर उरलेली केंद्रेही स्वसंरक्षणासाठी आपोआप ग्रिडपासून तुटली असती आणि सारे राज्य पुन्हा उजळायला कदाचित आठवडे लागले असते. टेक्सासचे ग्रिड शेजारच्या ग्रिडांशी जेमतेम जोडलेले असल्याने बाहेरून फारशी मदत येऊ शकली नाही. सरकारी नोंदीनुसार २४६ जण दगावले. घाऊक वीजदर मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरच्या कमाल मर्यादेवर अनेक दिवस राहिला आणि काही वीजविक्रेते दिवाळखोरीत गेले. यातले बरेच काही आधीच माहीत होते. २०११ च्या थंडीनंतर केंद्रीय नियामकांनी उपकरणे थंडीला तोंड देतील अशी करण्याची शिफारस केली होती. ती ऐच्छिक राहिली आणि खर्च टळला.

पर्यावरणाच्या बाजूने येणारा धक्का इतका नाट्यमय असतोच असे नाही. पनामा कालव्यातून जाणारे जहाज समुद्रसपाटीवरून वाटेतल्या उंचावरच्या गाटून तलावात चढवण्यासाठी त्याच तलावाचे गोडे पाणी वापरतात आणि ते शेवटी समुद्राला मिळते. एका जहाजामागे हा खर्च सुमारे २० कोटी लिटर. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, तेव्हा एरवी रोज ३६ च्या आसपास असलेली जहाजे जानेवारी २०२४ पर्यंत २४ वर आणावी लागली. पनामातील मोठ्या लोकसंख्येच्या पिण्याच्या पाण्याचीही भिस्त याच पाणलोटावर असल्यामुळे तलाव आणखी उपसणे हा मार्ग नव्हता.

श्रीलंकेचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. २०१९ ची करकपात, कोविडने बुडालेले पर्यटन आणि डोईजड विदेशी कर्ज यांमुळे परकीय चलन आटत असताना, एप्रिल २०२१ मध्ये सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली. कारण आरोग्य आणि पर्यावरणाचे दिले गेले; वाचणाऱ्या डॉलरचा मोहही होताच. सेंद्रिय शेतीत वावगे काही नव्हते, पण जमीन आणि शेतकरी यांना तयारीला एक हंगामही मिळाला नाही. भाताचे पीक घटले, तांदूळ आयात करावा लागला, निर्यातीचा चहाही मार खाऊन गेला. नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घेतली, पण तोवर उशीर झाला होता. मार्च २०२२ मध्ये दिवसाला १३ तासांपर्यंत वीज जाऊ लागली, कारण इंधन आणायला पैसे नव्हते. एप्रिलमध्ये देशाने विदेशी कर्जफेड थांबवली.

स्वयंपूर्णता म्हणजे लवचिकता, असा समज राजकारणात लोकप्रिय आहे. तो अर्धाच खरा आहे. एकट्या पडलेल्या ग्रिडचे काय होते हे टेक्सासने दाखवलेच. जपानमध्ये पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्‌झची वीज आहे. वारंवारता वेगळी असल्याने हे दोन भाग थेट जोडता येत नाहीत; २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर पूर्वेला तुटवडा असताना पश्चिमेकडून जेमतेम १,२०० मेगावॉट तिकडे वळवता येत होते. चुंबके आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी लागणाऱ्या दुर्मीळ मृदा धातूंबाबत मात्र २०१० मध्ये चीनकडून पुरवठा अडल्यावर जपानने वेगळा मार्ग धरला. ऑस्ट्रेलियातील खाणउद्योगात पैसा घातला, पुनर्वापर वाढवला, साठे केले. चीनवरील भिस्त संपली नाही, पण बरीच कमी झाली. नेदरलँड्सने तर २००७ पासूनच्या नदी-प्रकल्पात बांध उंच करत बसण्यापेक्षा काही ठिकाणी ते मागे सरकवून पुराला जागा दिली.

राखीव क्षमता चांगल्या वर्षांत उधळपट्टीच दिसते, त्यामुळे अंदाजपत्रकात कात्री लागते ती आधी तिलाच. ही अडचण फिनलंडने सर्वांत नेटकेपणाने सोडवली आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या आपत्कालीन पुरवठा संस्थेकडे धान्य, इंधन आणि वैद्यकीय साहित्याच्या साठ्यांची जबाबदारी आहे. तिचा निधी विजेवर आणि इंधनांवर बसवलेल्या छोट्या शुल्कातून येतो आणि सरकारी अंदाजपत्रकाबाहेर राहतो, म्हणून दरवर्षीची ओढाताण टळते. तरी २०२० मध्ये कोविडच्या सुरुवातीला या संस्थेने चीनमधून घाईने मागवलेले मास्क रुग्णालयांत वापरण्याजोगे निघाले नाहीत आणि तिच्या प्रमुखांना पद सोडावे लागले.