बांगडा ‘उष्ण’ नसतो

कोकणात बांगडा खाऊन अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की निकाल ठरलेला: “बांगडा उष्ण!” दोष बहुतेक वेळा माशाचा नसतो, बर्फाविना उन्हात पडून राहिलेल्या टोपलीचा असतो. बांगड्याच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) भरपूर. मासा गरम हवेत राहिला की जिवाणू या हिस्टिडिनचं हिस्टामाइन करतात. ॲलर्जीत आपलं शरीर सोडतं तेच हे रसायन. तोंड लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं, बहुतेकदा तासाभरातच.

आणि तिखल्यात (माशाच्या झणझणीत कालवणात) तिरफळं, सोलं घालून कितीही रटरटवा, एकदा तयार झालेलं हिस्टामाइन जात नाही. खारवून सुकवला तरी तेच. वासावरूनही दरवेळी कळत नाही, भले घरातली म्हातारी माणसं काहीही म्हणोत. म्हणून जाळ्यातून निघाल्यापासून बर्फ हवा. कल्ले लाल, डोळे फुगीर, अंग ताठ असेल तोच घ्या, घरी आणला की लगेच साफ करून फ्रीजमध्ये ठेवा.

बांगड्याच्या तेलाला तर मुळीच घाबरू नका, ओमेगा-३ ही उपयोगी चरबी त्यातच असते.

ताज्या बांगड्यानेही दरवेळी त्रास होत असेल तर ती खरी ॲलर्जी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. श्वास कोंडला तर तातडीने.