पाचवीच्या दिवसांत बाळ पिवळं पडतं तेव्हा

सातारा-सांगलीकडच्या घरांत बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडतात, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, अशी श्रद्धा आहे. पूर्वी याच दिवसांत तान्ही बाळं दगावत. त्या धास्तीतूनच हा जागर आला असावा, असं मला वाटतं. वैद्यकशास्त्राच्या हिशेबानंही तिसरा ते पाचवा दिवस नाजूकच असतो. आईला पान्हा नुकताच फुटलेला असतो, बाळाचं वजन जन्माच्या वेळेपेक्षा थोडं उतरलेलं असतं आणि कावीळ याच सुमाराला सर्वांत वर चढते. नॉर्मल बाळंतपण झालं असेल तर बाळंतीण दोन-तीन दिवसांतच घरी येते. म्हणजे कावीळ वाढते ती घरात, डॉक्टर-नर्सच्या नजरेआड. म्हणून काय बघायचं हे घरातल्यांना माहीत हवं.

पूर्ण दिवसांच्या दहापैकी साधारण सहा बाळांना ही कावीळ होतेच. मोठ्या माणसांना दूषित पाण्यातून होणारी कावीळ वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात आणि त्या लवकर मोडतात. मोडलेल्या पेशींतून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. ते विरघळवून बाहेर टाकणं हे यकृताचं काम. पण नवजात यकृतातलं त्यासाठीचं विकर (एन्झाइम) पहिले काही दिवस पुरेसं तयार होत नाही. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा पिवळा दिसू लागतो आणि हा पिवळेपणा आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरतो. मात्र बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूत शिरतं. मग बाळाला कायमचा बहिरेपणा येऊ शकतो, हालचालींवर कायमचा परिणाम होऊ शकतो. वेळेत उपचार झाला तर हे जवळपास नेहमी टाळता येतं.

इथे दुधाचा आणि काविळीचा थेट संबंध येतो. बिलिरुबिन शरीराबाहेर जातं ते मुख्यतः शीवाटे. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी, चिकट शी आतड्यात पडून राहिली तर तिच्यातलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं. आईचं पहिलं पिवळसर, घट्ट चिकाचं दूध ती काळी शी बाहेर काढायला मदत करतं, शिवाय रोगप्रतिकारक द्रव्यं देतं. हे दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकायची पद्धत काही घरांत अजून आहे. कृपा करून ती बंद करा. जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला अंगावर घ्यावं, पुढे दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजावं. झोपाळू बाळाला तळपायाला गुदगुल्या करून उठवावं.

‘हिला दूधच पुरत नाही’ हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत फार लवकर उच्चारलं जातं. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात जेमतेम एक-दोन चमचे दूध मावतं, आणि चीक तेवढाच येतो. वजन 10 टक्क्यांपर्यंत उतरणं चालतं. साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं. दूध पुरतंय का याचा घरचा हिशेब लघवीवर करावा: पाचव्या दिवसानंतर 24 तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट लघवी आणि काळ्या शीच्या जागी पिवळी, पातळसर शी. अंगावर पिणारं बाळ दिवसातून आठ-दहा वेळाही शी करतं, त्याला जुलाब समजू नये.

माणदेशात किंवा जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात घरातले म्हणतात, घसा सुकतोय लेकराचा, दोन चमचे पाणी द्या. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं. वरून पाणी दिलं की तेवढं दूध कमी जातं, शीही कमी होते आणि कावीळ रेंगाळते. पहिले सहा महिने पाणीसुद्धा नको. गाई-म्हशीचं दूध तर वर्षभर प्यायला देऊ नये. त्यातले क्षार आणि प्रथिनं तान्ह्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत, लोहही फार कमी असतं.

आता पिवळेपणा पाहायचा कसा? बाळाला दारात किंवा खिडकीशी दिवसाच्या उजेडात आणावं, उन्हात नव्हे. बल्बच्या पिवळ्या प्रकाशात काहीच कळत नाही. कपाळावर बोटानं हलकं दाबून बोट उचलावं आणि दाबलेल्या जागेचा रंग पाहावा. मग छाती, पोट, मांडी, शेवटी तळवे. कावीळ डोक्याकडून पायाकडे उतरत जाते. तळहात-तळपाय पिवळे असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सावळ्या बाळाच्या हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भागही बघावा. सांगली म्हणजे हळदीची बाजारपेठ, आणि साय-हळद लावून बाळाला न्हाऊ घालणं इकडे घरोघरी चालतं. पण कातडीवर हळद चढली की खरा रंग झाकला जातो. निदान पहिले पंधरा दिवस हळद बाजूला ठेवावी.

बाळाची जुनी दुपटी ट्रंकेतून काढतात, त्यांना डांबरगोळ्यांचा वास असतो. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जीसिक्सपीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. त्यांच्या पेशी डांबरगोळीतल्या नॅप्थलीननं भराभर फुटतात आणि कावीळ धोकादायक वेगानं चढते. हे विकर कमी आहे का, हे बाळाकडे पाहून कळत नाही. दुपटी धुऊन, कडक उन्हात वाळवून, वास गेल्यावरच वापरावीत.

कोवळ्या उन्हात बाळाला धरणं हा काविळीवरचा इलाज समजला जातो. या समजुतीत तथ्याचा अंश आहे. 1950च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात एका नर्सच्या लक्षात आलं की, बाळाच्या अंगाचा जो भाग उन्हात होता तिथला पिवळेपणा कमी झालाय. त्यातून प्रकाशोपचार निघाला. साधारण 460 नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशात बिलिरुबिनच्या रेणूची रचना बदलते आणि यकृताच्या मदतीशिवायही ते शरीराबाहेर जाऊ शकतं. पण उन्हाची मात्रा मोजता येत नाही, उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं. कावीळ वाढली असेल तर ऊन पुरत नाही, आणि त्या नादात वेळ जातो.

बाळगुटीबद्दल आजीला दुखवून बोलायची गरज नाही, कारण तिनं ती मायेनंच उगाळलेली असते. तरी मध वर्षाच्या आत एक थेंबही चाटवू नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. आधी शी अडते, मग बाळाची ओढण्याची ताकद जाते, मान लुळी पडते. सहाणेवर उगाळलेलं जायफळ, वेखंडही नको. मात्रा कोणालाच मोजता येत नाही. नाका-कानात तेल तर मुळीच घालू नये, नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं.

उचकी लागणं, ढेकरासोबत थोडं दूध बाहेर येणं, आईच्या संप्रेरकांमुळे बाळाची छाती सुजणं, मुलीला अंगावरून थोडंसं रक्त जाणं, हे सगळं आपसूक थांबतं. सुजलेली छाती पिळू मात्र नये; गळू होतं.

बाळ दूध ओढेनासं झालं, गुंगीत राहू लागलं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास मिनिटाला 60च्या वर गेला, छाती आत ओढली जाऊ लागली, हिरवी उलटी झाली किंवा झटका आला, तर रात्रीचा विचार न करता 108ला फोन करावा. पहिल्या 24 तासांतच दिसलेली कावीळ कधीच साधी समजू नये. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, 7व्या, 14व्या, 21व्या, 28व्या आणि 42व्या दिवशी घरी येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरपोच नवजात सेवेचं जे काम उभं केलं, त्याच वाटेनं या भेटी देशभर सुरू झाल्या. आशाताई आल्या की बाळाला दुपट्यातून सोडवून पूर्ण अंग दाखवावं.

कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली तर शीचा रंग पाहावा. शी पांढुरकी, खडूसारखी आणि लघवी गडद पिवळी असेल तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. त्याची शस्त्रक्रिया बाळ 60 दिवसांचं होण्याआधी झाली तर जास्त यशस्वी होते. अशी शी दिसली की ते दुपटं न धुता तसंच सोबत घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावं.