अर्धगोल कमान: सॅक्सन की नॉर्मन?

इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या चर्चमध्ये अर्धगोल कमान दिसली की बहुतेक जण तिला नॉर्मन ठरवून मोकळे होतात. बरेचदा ते बरोबरही ठरतं, कारण 1066 मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, आणि त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत खेडोपाडी जी दगडी चर्चं उभी राहिली ती याच कमानींची. पण त्याआधीच्या सॅक्सन काळातल्या कमानीही अर्धगोलच. टोकदार कमान तिथे रुळली ती 12व्या शतकाच्या अखेरीस. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये दिसते ती 13व्या शतकातल्या इंग्रज शैलीची 19व्या शतकात उभारलेली आवृत्ती. म्हणजे काम मुळात जुनं असेल, तर अर्धगोल आकारावरून ते साधारण 1200 च्या आधीचं आहे एवढंच कळतं. त्यापुढचा निवाडा दगड कसा घडवला आणि कसा रचला यावर होतो. नक्षीवर विसंबू नये.

पाहणी बाहेरून, इमारतीच्या कोपऱ्यापासून सुरू करावी. खिडक्या आणि दारं प्रत्येक शतकात बदलली गेली. कोपऱ्याला हात लावला तर भिंत उघडी पडते, म्हणून तो पुष्कळदा मूळचा राहतो. सॅक्सन गवंडी कोपऱ्यात एक उंच दगड उभा बसवतो, त्यावर एक चपटा आडवा, पुन्हा उभा, पुन्हा आडवा. उभा दगड दोन-तीन फूट उंचही असतो. त्याला भिंतीत पकड नसते. ती देतो आडवा दगड, जो दोन्ही अंगांनी भिंतीत शिरतो. फसगत होते ती इथे. आडव्या दगडाचा भिंतीकडे जाणारा भाग दर्शनी बाजूने थोडा तासलेला असतो, म्हणजे गिलावा त्याच्यावर चढतो आणि कोपऱ्यावर सरळ, एकसारख्या रुंदीची पट्टी दिसते. गिलावा शाबूत असेल तर आडवे दगड किती आत गेलेत ते कळतच नाही. तो गेला असेल तर तासल्याची कड उघडी पडते, आणि कोपऱ्यावरची ही सर्वांत भरवशाची खूण.

नॉर्मन कोपरा मध्यम आकाराच्या, साधारण एकसारख्या घडीव चिऱ्यांचा असतो. एक थर एका अंगाला लांब, पुढचा दुसऱ्या. अशी आलटून-पालटून रचना सॅक्सन कामातही आढळते, पण तिथे दगड धिप्पाड असतात. डरहॅम परगण्यातलं एस्कम हे 7व्या शतकातलं चर्च पाहा: कोपऱ्याचे मोठाले दगड जवळच्या बिंचेस्टरच्या रोमन किल्ल्यातून आणलेले आहेत.

भिंतीवरच्या उभ्या पट्ट्यांतही गोंधळ होतो. नॉर्थम्प्टनशायरमधल्या अर्ल्स बार्टनचा मनोरा 10व्या शतकाच्या अखेरचा (माथ्यावरच्या चर्या नंतरच्या). त्याच्या अंगावर जेमतेम वीतभर रुंदीच्या दगडी पट्ट्या उभ्या, तिरप्या आणि कमानीच्या आकारात फिरवलेल्या आहेत. या सॅक्सन. नॉर्मन भिंतीला जो आधार देतात तो सपाट आणि पुढे फारसा न येणारा असतो, पण चांगला दोन-तीन फूट रुंद.

आता आत जाऊन नेव्ह आणि चॅन्सेल, म्हणजे लोकांचं दालन आणि वेदीचा भाग, यांच्यामधल्या कमानीखाली उभं राहावं आणि वर पाहावं. पोटाकडून पाहिल्याशिवाय कमान कळत नाही. सॅक्सन कमानीत एकेक दगड पुष्कळदा भिंतीच्या आरपार जातो; दरज एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत अखंड धावते. हे दगड नेहमी पाचरीच्या आकाराचे आणि केंद्राकडे रोखलेले असतातच असं नाही. नॉर्थम्प्टनशायरमधल्याच ब्रिक्सवर्थच्या सॅक्सन चर्चमध्ये रोमन विटा पुन्हा वापरून कमानी वळवल्या आहेत आणि विटांचा कल केंद्राशी जुळत नाही, हे जमिनीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसतं. नॉर्मन कमानीत मात्र दोन्ही तोंडांना वेगवेगळे चिरे लावून मध्ये ओबडधोबड दगड आणि चुन्याची भर घातलेली असते, त्यामुळे पोटातली दरज मध्येच तुटते.

याहून मोठा फरक पायऱ्यांचा. नॉर्मन कमान एकात एक बसवलेल्या वर्तुळांची असते, प्रत्येक बाहेरचं वर्तुळ आतल्यापेक्षा रुंद आणि पुढे आलेलं. यामागे बांधकामाची सोय आहे. लाकडी साचा फक्त सर्वांत आतल्या अरुंद वर्तुळापुरता लागतो. ते पक्कं झालं की पुढचं वर्तुळ त्याच्याच पाठीवर वळवता येतं. जाड भिंतीत रुंद कमान घालायची तर हे फार स्वस्त पडतं. सॅक्सन गवंड्याला ती गरज कमी, कारण त्याची भिंत पातळ आणि कमान अरुंद. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनच्या सेंट लॉरेन्स या सॅक्सन चर्चमध्ये ही कमान सुमारे साडेतीन फूट रुंद आहे आणि दालन मात्र उंचच उंच.

भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजावी, गिलावा वजा करून. अडीच ते तीन फूट भरली तर सॅक्सन असण्याची शक्यता वाढते. साडेतीन-चार फूट किंवा जास्त असेल तर नॉर्मन. एकट्या या मापावर निकाल देऊ नये, अपवाद दोन्हीकडे आहेत.

खिडकी बरंच सांगून जाते. उत्तर-सॅक्सन खिडकीचा सर्वांत अरुंद भाग भिंतीच्या मधोमध असतो आणि ती आत-बाहेर दोन्हीकडे फाकत जाते. आडवा छेद घेतला तर डमरूसारखी. नॉर्मन खिडकी बाहेरच्या तोंडाशी अरुंद असते आणि फक्त आत फाकते. पण एस्कमसारख्या आरंभीच्या सॅक्सन चर्चमध्येही खिडक्या आतच फाकतात. म्हणून दोन्हीकडे फाकलेली दिसली तर सॅक्सन म्हणायला बळ मिळतं. एकीकडेच फाकलेली असेल तर काहीच सिद्ध होत नाही. दोन तिरपे दगड टेकवून केलेला त्रिकोणी माथा मात्र सॅक्सनच. ग्लॉस्टरशायरमधल्या डीअरहर्स्टच्या चर्चमध्ये तो उत्तम पाहायला मिळतो.

मनोऱ्यात घंटेच्या मजल्यावरची जोडखिडकी पाहावी. सॅक्सन पद्धतीत मधला खांब भिंतीच्या जाडीच्या मध्यावर उभा असतो आणि त्याच्यावरचा आरपार दगड दोन्ही कमानी पेलतो. नॉर्मन पद्धतीत दोन छोट्या कमानींना बाहेरून एक मोठी कमान कवेत घेते. 19व्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस रिकमन या वास्तुकाराने बार्टन-अपॉन-हंबरच्या चर्चच्या मनोऱ्यावरून जो युक्तिवाद केला तो आजही शिकण्यासारखा आहे: वरचा मजला आरंभीच्या नॉर्मन घडणीचा, खालचे मजले पट्ट्यांचे आणि त्रिकोणी माथ्यांचे, खालचं आधी बांधलं गेलं असणार, म्हणून ते सॅक्सन.

नागमोडी नक्षी किंवा चोचीची डोकी कोरलेली असतील, जशी ऑक्सफर्डजवळच्या इफ्लीला आहेत, तर काम 12व्या शतकातलं नॉर्मन. उलट मात्र खरं नाही. आरंभीची नॉर्मन कमान अगदी साधी असते, आणि तिचा साधेपणा पाहूनच लोक तिला सॅक्सन म्हणतात. माशाच्या काट्यासारखे तिरपे रचलेले दगडही असेच फसवतात. ती रचना बहुतेकदा आरंभीच्या नॉर्मन काळातली निघते.

सीमारेषा 1066 ला ओढणं चूकच. राजा बदलला, गावचा गवंडी तोच राहिला. डीअरहर्स्टजवळच्या ओडाच्या चॅपेलवर 1056 हे साल कोरलेल्या दगडाने शिक्कामोर्तब झालं आहे. यॉर्कशायरमधल्या कर्कडेल चर्चच्या सूर्यघटिकेवर एडवर्ड राजा आणि त्याचा सरदार टॉस्टिग यांची नावं असल्याने ती 1055 ते 1065 मधली. असे लेख फार थोडे. बाकी ठिकाणी सॅक्सन खांबावर नॉर्मन शीर्ष अशी सरमिसळ दिसली, तर ‘11व्या शतकाचा उत्तरार्ध’ एवढंच लिहावं.

व्हिक्टोरियन हातही ओळखायला हवा. 1840 च्या आसपास नवी ‘नॉर्मन’ चर्चं बांधली गेली आणि जुन्यांच्या कमानी नव्या दगडात बदलल्या गेल्या. चिऱ्यांच्या कडा धारदार, प्रत्येक दगड तंतोतंत सारखा आणि खुणा यंत्रवत समांतर असतील तर सावध व्हावं; मूळच्या नॉर्मन चिऱ्यावर कुऱ्हाडीसारख्या हत्याराचे तिरपे, कमी-जास्त खोल घाव असतात. गिलावा खरवडून भिंती उघड्या करण्याचा सपाटाही त्याच काळातला, आणि त्यात पुष्कळ पुरावा कायमचा गेला. त्याविरुद्ध विल्यम मॉरिसने 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली.

हेरफर्डशायरमधल्या किलपेकला लोक जातात ते 1140 च्या सुमाराच्या लाल वालुकाश्मातल्या दक्षिण दरवाजासाठी, आणि जावंच. पण तिथून वळसा घालून नेव्हच्या ईशान्य कोपऱ्याशी जा: उभ्या-आडव्या दगडांचा एक तुकडा नॉर्मन भिंतीत अजून उभा आहे, आधीच्या चर्चचा.