बर्थ ऑफ द कूल

माइल्स डेव्हिस (१९२६–९१) या अमेरिकन ट्रम्पेटवादकाच्या नऊ जणांच्या संचाने १९४९ व १९५० साली न्यूयॉर्कमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह. जॅझमधील ‘कूल’ शैलीचा तो पाया मानला जातो. अल्बम म्हणून त्याची आखणी मुळात झालीच नव्हती. त्यातील काही रचना आधी सुट्या तबकड्यांवर निघाल्या, आठ रचना १९५४ मध्ये दहा इंची एलपीवर (लाँग-प्ले तबकडीवर) आल्या आणि अकरा रचनांची, आजच्या नावाची एलपी कॅपिटॉल रेकॉर्ड्सने १९५७ मध्ये काढली.

या संगीताचे मूळ गिल एव्हान्स यांच्या खोलीत आहे. पंचावन्नाव्या रस्त्यावर, एका चिनी लाँड्रीच्या मागे असलेल्या त्यांच्या तळघरात तरुण वादक जमत आणि तासन्‌तास चर्चा करत. त्या काळी बीबॉप या जॅझ शैलीचा जोर होता : विलक्षण वेग, तुटक वळणे, वादकाच्या कसबाची परीक्षा. डेव्हिस स्वतः चार्ली पार्कर यांच्या पंचकात हेच वाजवत होते. एव्हान्स मात्र क्लॉड थॉर्नहिल यांच्या वाद्यवृंदाचे संगीत संयोजक, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते लिहून देणारे, होते. फ्रेंच हॉर्न आणि ट्युबा यांमुळे त्या वृंदाचा नाद मऊ, संथ, जवळजवळ कंपरहित असे. तो नाद कमीत कमी वादकांत कसा आणायचा, या प्रश्नातून ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, ट्युबा, आल्टो व बॅरिटोन सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम असा संच ठरला. संच बांधणे, जागा ठरवणे, वादकांना बोलावणे ही कामे डेव्हिस यांनी अंगावर घेतली.

सप्टेंबर १९४८ मध्ये हा संच रॉयल रूस्ट या क्लबमध्ये काउंट बेसी यांच्या वृंदासोबत वाजला. बाहेरच्या फलकावर जेरी मलिगन, गिल एव्हान्स व जॉन लुइस या संयोजकांची नावे होती. जॅझ क्लबच्या दारावर असे तेव्हा सहसा घडत नसे, पण इथे ते अगदी रास्त होते. हे संगीत एकट्या ट्रम्पेटचे नाही, लेखणी चालवणाऱ्यांचेही तितकेच आहे. वादक संघटनेची ध्वनिमुद्रणावरील बंदी त्या वर्षअखेर उठली आणि पुढच्या तीन बैठकांत प्रत्येकी चार रचना मुद्रित झाल्या. वादक बदलत गेले. डेव्हिस, मलिगन (बॅरिटोन), ली कोनित्झ (आल्टो) आणि बिल बार्बर (ट्युबा) हे चौघे तेवढे तिन्ही वेळा होते.

बीबॉपमध्ये धून, मग एकेकाचे एकल वादन, पुन्हा धून असा साचा रूढ होता. येथे एकल वादन लिहिलेल्या भागांत विणले जाते. कुठे एकाचे संपले आणि संचाचे सुरू झाले ते पटकन लक्षातही येत नाही. ‘गॉडचाइल्ड’ची सुरुवात ट्युबा आणि बॅरिटोन खालच्या पट्टीत करतात. ‘जेरू’त मलिगन मात्रांची ठरलेली चौकट मोडतात. जॉन कॅरिसी यांची ‘इझ्राएल’ ही बारा मात्राखंडांची ब्लूज रचना इतकी दाट गुंफलेली आहे की ती ब्लूज आहे हे दुसऱ्यांदा ऐकताना उमगते. ‘मून ड्रीम्स’च्या शेवटी एव्हान्स धून सोडून देतात आणि एकेक सूर अर्ध्या अर्ध्या स्वराने सरकत राहतो. संग्रहातील ही सर्वांत धाडसी जागा. कूल म्हणजे थंडपणा, हा समज मात्र चुकीचा आहे : मॅक्स रोच यांचे ड्रम ‘मूव्ह’मध्ये बीबॉपइतकेच धगधगते आहेत.

क्लबमध्ये संच फार टिकला नाही. प्रभाव मात्र सदस्यांबरोबर पसरला. मलिगन लॉस एंजेलिसला गेले आणि १९५२ मध्ये चेट बेकर यांच्यासह त्यांनी पियानोविना चौकडी उभी केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘वेस्ट कोस्ट’ जॅझला तिने मोठी दिशा दिली. लुइस यांची मॉडर्न जॅझ क्वार्टेट त्याच सुमारास आकाराला आली. एव्हान्स आणि डेव्हिस १९५७ मध्ये ‘माइल्स अहेड’साठी पुन्हा एकत्र आले.

केनी हॅगुड यांनी गायलेले ‘डार्न दॅट ड्रीम’ हे बारावे गीत नंतरच्या आवृत्त्यांत जोडले गेले. रॉयल रूस्टमधील प्रत्यक्ष वादन १९९८ च्या संपूर्ण आवृत्तीत आहे. सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीच्या मर्यादेबाहेर हा संच कसा वाजत असे, ते त्यात ऐकायला मिळते.