फाल्गुनरावाचा शक आणि अश्विनशेठचा संशय

पेपर उघडला की महिन्यातून दोनदा तरी ‘युतीत संशयकल्लोळ’ नाहीतर ‘जागावाटपावरून संशयकल्लोळ’ असा मथळा दिसतोच. मथळा देणाऱ्यानं ‘संगीत संशयकल्लोळ’ हे नाटक पाहिलेलं नसतं. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. नाटकाचं नाव नाटकातून सुटून गावभर हिंडायला लागलं, तर ते नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं भाग्यच म्हणायचं. माझी तक्रार आहे ती नाटक पाहिलेल्या, बसवलेल्या आणि त्यावर बोलणाऱ्या मंडळींबद्दल.

परभणीत हौशी नाटकं बसवता बसवता माझी वीस-बावीस वर्षं गेली. या काळात ‘संगीत संशयकल्लोळ’बद्दल दोन वाक्यं कान किटेपर्यंत ऐकली. पहिलं निवेदकांचं: “संशयी नवऱ्याची धमाल, आणि सोबतीला अश्विनशेठ-रेवतीची गोड प्रेमकथा.” दुसरं जरा वाचन असलेल्यांचं: “अहो, दोघंही संशयीच. एक लग्न झालेला, एक व्हायचा, एवढाच फरक.” पहिल्याला अश्विनशेठचा संशय दिसतच नाही. दुसऱ्याला दिसतो, पण तो फाल्गुनरावाच्या संशयाचीच दुसरी प्रत वाटतो. माझा जीव या दुसऱ्या गैरसमजावर जास्त जळतो, कारण तो शहाण्या माणसांचा आहे.

फाल्गुनराव कोण ते सांगायची गरज नाही. तो प्रत्येक गल्लीत असतो. आमच्याकडे त्याच्या संशयाला ‘शक’ म्हणतात. बायको गच्चीवर वाळवण घालायला गेली की हा खालून दोनदा हाक मारणार. फोन वाजला की “कुणाचा हाय?” दूधवाला बदलला तरी याला कारण पाहिजे. गोष्टही तुम्हाला पाठ असेल. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते आणि तिच्या डोक्यात किडा शिरतो. रेवतीकडून तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर तिथे पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर पाहून फाल्गुनरावाचं डोकं फिरतं. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाजवळ दिसते आणि अश्विनशेठ हादरतो: ही तर मी रेवतीला दिली होती!

किरकोळ फरक झटकन उरकतो. फाल्गुनराव प्रौढ, अश्विनशेठ तरुण. एकाचा जोर बोलण्यावर, दुसऱ्याचा पदांवर. एकाच्या घरात भादव्यासारखा नोकर आहे, त्यामुळे त्याच्या बाजूला हशा जास्त. नावांत गोंधळ होत असेल तर एवढं लक्षात ठेवा की देवलांनी पुरुषांना महिन्यांची आणि बायकांना नक्षत्रांची नावं दिली. कोण वयानं मोठा, कोण जास्त गातो, यावर लोक तासभर बोलतात. मला त्यात काडीचा रस नाही.

आता मुद्द्याचं. तसबीर एकच आहे. तिच्यावरून दोघं काय ठरवतात ते बघा.

फाल्गुनराव ठरवतो की आपली बायको बिघडली. ‘बिघडली’ म्हणजे आधी बरी होती. तिच्या ठिकाणाहून ती घसरली, असं त्याच्या संशयाचं म्हणणं आहे. म्हणून तर तो तळमळतो, पाळत ठेवतो, तोंडघशी पडतो. त्याचा राग म्हणजे हातचं काहीतरी गेल्याचा राग. कृत्तिका त्याची धर्मपत्नी आहे हे तो रागाच्या भरातही विसरत नाही, आणि खरं दुखणंही तेच आहे.

रेवती घसरली असं अश्विनशेठला वाटतच नाही. रेवती नायकिणीच्या घरात वाढलेली. ती मुळात जिथली तिथेच आहे, फसलो तो आपणच, असं त्याला वाटतं. नाटकात ‘ही बहु चपल वारांगना’ असं एक पद आहे, वारांगना म्हणजे गणिका. फाल्गुनराव कितीही भडकला तरी कृत्तिकेला हा शब्द लावता येईल का? नाही. तो तिला दगाबाज म्हणेल, पण ‘वारांगना’ ही एका बाईच्या चुकीबद्दलची तक्रार नाही, ते अख्ख्या जातकुळीचं नाव आहे. फाल्गुनराव कृत्तिकेवर संशय घेतो. अश्विनशेठ रेवतीच्या घरावर घेतो, आईवर घेतो, जन्मावर घेतो, आणि ती मधल्या मध्ये भरडली जाते.

इथे हमखास एक हात वर होतो. “पण सर, अश्विनशेठकडे पुरावा होता. स्वतः दिलेली तसबीर दुसऱ्याच्या हातात दिसली तर कुणालाही वाटेल. फाल्गुनराव नुसताच वहमी.” प्रश्न चांगला आहे. पुराव्याच्या बाबतीत अश्विनशेठची बाजू खरोखरच वरचढ आहे, आणि म्हणूनच तो मला जास्त धोक्याचा वाटतो. फाल्गुनराव संशय घ्यायला तसबिरीची वाट बघत बसलेला नाही, त्याचा रोजचा धंदाच तो. घरातली, दारातली माणसं त्याला ओळखून आहेत. अश्विनशेठला मात्र सगळे समजूतदार म्हणतात. त्यानं रेवतीचा हात हातात घेतलाय, वचन दिलंय, नायकिणीच्या घरातल्या मुलीशी लग्न करायला निघालाय. म्हणजे सुधारकच. आणि असा हा माणूस हरवलेल्या तसबिरीचा अर्थ ‘कुठेतरी पडली असेल’ असा लावत नाही. पहिला अर्थ त्याच्या मनात येतो तो एकच. पुरावा त्याच्या हातात नंतर आला, निकाल आधीच लिहून तयार होता.

हा अर्थ मी ओढूनताणून लावतोय असं वाटत असेल तर नाटकाचं मूळ बघा. गोष्ट परदेशातली. फ्रेंच नाटककार मोलियेरचं १६६० सालचं प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीनं १७६१ साली इंग्रजीत केलेलं ‘ऑल इन द रॉंग’, आणि त्यावरून आपलं. देवलांनी आधी गद्य ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं, ते १८९३ साली. त्याचं संगीत रूप गंधर्व नाटक मंडळीनं १९१६ साली रंगमंचावर आणलं, आणि देवल गेलेही त्याच वर्षी. तर मोलियेर आणि मर्फी या दोघांकडेही तसबीर हरवणारी मुलगी बापाच्या घरातली, खात्यापित्या घरची लेक आहे. बापाला जावई दुसरा हवाय, एवढीच तिची अडचण. तिथे नवऱ्याचा संशय आणि प्रियकराचा संशय खरोखरच सारखे आहेत, कारण दोन्ही बायका एकाच पायरीवर उभ्या आहेत. ‘दोघंही संशयीच’ हे वाक्य मर्फीबद्दल म्हणा, मी गप्प बसेन.

देवलांनी त्या मुलीला उचलून नायकिणीच्या घरात ठेवलं. यामागे पदं आणि बैठकीची सोय असेलही. पण हे तेच देवल, ज्यांनी संस्कृतातलं मृच्छकटिक मराठीत आणून त्यातल्या वसंतसेना या गणिकेला मराठी प्रेक्षकांपुढे उभं केलं, आणि १८९९ साली ‘शारदा’ लिहून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीचं दुःख मांडलं. गणिकेला वधू होता येतं का, हा प्रश्न त्यांच्या लेखणीखालून एकदा गेलेला होता. रेवतीचं घर बदलताना आपण काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं, असं मी तरी मानणार नाही. घर बदललं आणि एका संशयाचे दोन झाले.

दुसरा एक गोंधळ जाता जाता निपटतो. ‘झुंझारराव’ आणि ‘फाल्गुनराव’ यांना कुणी एका माळेत ओवतं, कारण दोन्ही देवलांची, दोन्ही संशयाची, आणि शेवटी दोन्ही ‘राव’. झुंझारराव म्हणजे शेक्सपिअरचा ऑथेल्लो. तिथे जाधवराव शेजारी बसून विष कालवतो. इथे विष कालवणारा कुणी नाही, ज्यानं त्यानं आपलं आपण कालवलंय. झालं.

आता बायका. कृत्तिकेला बिचारी म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ती नवऱ्याइतकीच संशयी आहे, किंबहुना सुरुवात तीच करते, आणि भांडणात तसूभर मागे हटत नाही. मराठवाड्यातल्या प्रेक्षक बायका तिच्यावर जीव टाकतात. ‘सत्वर पाव गे मला’ म्हणत सासूसासऱ्यांची वाट लावायला निघालेली नाथांची भारुडातली बाई ज्यांच्या कानात आहे, त्यांना कृत्तिका परकी वाटेलच कशी? पण कृत्तिकेला हे भांडण परवडतं ते घर तिचं आहे म्हणून. भांडून झालं की चूल तीच, नवरा तोच. उद्या पुन्हा शक, पुन्हा भांडण, पुन्हा जेवण.

रेवतीलाही अश्विनशेठचा संशय येतो, चौघांनाही येतो. पण तिनं भांडायचं कुठे उभं राहून? तिच्याकडे आहे ते एक वचन आणि एक तसबीर, आणि तसबीर हरवलीय. कृत्तिकेची निष्ठा आधी गृहीत धरतात, मग तिच्यावर शंका घेतात. रेवतीची कुणी गृहीतच धरत नाही, ती दर वेळी पहिल्यापासून सिद्ध करायची. फाल्गुनराव चुकला तर संध्याकाळ वाया जाते. अश्विनशेठ चुकला तर रेवतीपुढे आईच्या बैठकीचं दार तेवढं उघडं राहतं. एकाच नाटकात, एकाच तसबिरीपायी, दोन बायकांचं पणाला लागलेलं इतकं वेगळं आहे, आणि आपण म्हणतो ‘सेमच’.

म्हणून बसवणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. फाल्गुनराव हवा तेवढा ओरडू द्या. भादव्याला चार कोलांट्या जास्त मारू द्या. अश्विनशेठ मात्र रेवतीवर आळ घेतो तेव्हा त्याला ओरडू देऊ नका, आणि हशा तर अजिबात घेऊ देऊ नका. आवाज खाली पाहिजे. सभ्य माणूस खालच्या आवाजातच असलं बोलतो. मागे एका स्पर्धेत एका संघानं नाटक दोन तासांत बसवायला पदं छाटली. छाटली तर छाटली, मी काही सोवळ्यातला नाही. पण त्यांनी रेवतीला कॉलेजची मुलगी केलं आणि नायकिणीचा उल्लेखच काढून टाकला, का तर ‘फॅमिली ऑडियन्स’. राहिलं काय? दोन फाल्गुनराव. दुसरा अंक संपता संपता लोक घड्याळं बघायला लागले.

एक गंमत अशी की पहिली रेवती बालगंधर्वांची. म्हणजे पुरुषाची. घरंदाज बाईनं तेव्हा रंगमंचावर उभं राहायचं नाही असा दंडक होता, कारण चारचौघांपुढे उभी राहून गाणारी बाई म्हणजे कोण, हे लोकांनी ठरवून टाकलं होतं. थोडक्यात, अश्विनशेठचा संशय सगळ्या नाट्यगृहाच्या मनात आधीच बसलेला होता. त्या संशयामुळे रेवतीची भूमिका बाईला मिळाली नाही, आणि त्याच प्रेक्षकांनी साडीतल्या बालगंधर्वांना रेवती म्हणून डोक्यावर घेतलं.

हे जुनं झालं असं म्हणायची सोय मला नाही. आम्ही नाटक बसवायला घेतलं त्या वर्षी एक गळ्याची पोरगी सापडली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, पेटीवर काळी दोनमध्ये स्वच्छ गाणारी. ‘मजवरी तयांचे प्रेम खरे’ तिनं पहिल्या तालमीत असं म्हटलं की तबलजी ठेका विसरून तिच्याकडे बघत राहिला. रेवती ठरली. तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. शेतकरी माणूस, धोतर-टोपी, नाटकाची आवड असलेला. चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश. मग म्हणाले,

“सर, पोरीला काम करू द्या, माझी ना नाही. पण ते कृत्तिकाचं द्या.”

“भाऊ, कृत्तिका दिवसभर नवऱ्याशी भांडते. रेवती किती सोज्वळ आहे बघा. गाणी तिला, मान तिला.”

“भांडू द्या की. लग्नाची बाई हाय, नवऱ्यासंगं भांडायलीय, कोण काय म्हणंल? ते रेवतीचं नको. नायकिणीच्या घरची म्हणायलेत तिला. उद्या पोरीची सोयरीक करायचीय मला.”

नवऱ्यावर पाळत ठेवणारी, परक्या पुरुषाची तसबीर न्याहाळताना सापडणारी कृत्तिका त्यांना चालत होती. अख्ख्या नाटकात एका माणसाशी इमान राखून असलेली रेवती चालत नव्हती. वीस-बावीस वर्षं मी जे सांगायला धडपडत होतो, ते या माणसानं बशी खाली ठेवायच्या आत सांगून टाकलं.

पोरीनं कृत्तिका केली, आणि ती फर्मास केली. रेवतीसाठी बाहेरून एक गायिका आणली. प्रयोगाला वडील सहकुटुंब पुढच्या रांगेत होते. फाल्गुनरावाला हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी पडदा पडल्यावर आत आले, लेकीच्या पाठीवर हात ठेवला, माझा हात हातात घेऊन “लई ब्येस झालं” म्हणाले. मग तोंडावरचा रंग पुसत बसलेल्या गायिकेकडे एकदा बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, “ती रेवती कुणाची पोरगी हो?”