जोडली तरी तुटलेलीच: लॅपटॉपची अँटेना वायर

‘वाय-फाय म्हणजे वायरलेस, मग त्यात वायर कुठली तुटणार?’ सांगलीत कुणाच्या लॅपटॉपचं वाय-फाय राउटरपाशी बसलं की व्यवस्थित आणि पलीकडच्या खोलीत गेलं की गायब असं व्हायला लागलं, की हा प्रश्न हमखास येतो. मग विंडोज नव्याने टाकली जाते, राउटर बदलला जातो. एखादा तर ‘सिग्नल बूस्टर’ म्हणून सोनेरी स्टिकर चिकटवतो. त्या स्टिकरला ना वीज मिळते, ना तो कशाला जोडलेला असतो. तेवढ्यावर सिग्नल वाढता तर टॉवर उभारायच्या भानगडीत कोण पडलं असतं?

लॅपटॉपचा अँटेना बहुधा झाकणात, स्क्रीनच्या कडेला असतो. तिथून जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या दोन वायरी, बऱ्याचदा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून वाय-फाय कार्डापर्यंत येतात. झाकण उघड-मीट करताना त्या रोज तिथंच वाकतात आणि तिथंच तुटतात. सिग्नल उणे 50 वरून उणे 80 डीबीएमवर (डीबीएम म्हणजे सिग्नलची शक्ती मोजायचं माप, दर 10 ची घट म्हणजे शक्ती दहापट कमी) आला, म्हणजे शक्ती हजारपट घटली. राउटर जवळ असला की एवढी तूटही खपून जाते.

यावर घरगुती उपाय म्हणजे वायर सोलायची, पीळ द्यायचा, वर टेप. तार जोडली गेली का ते तपासणारा मल्टिमीटर ‘बीप’ करतो, वाय-फाय मात्र ढिम्म.

ही वायर कोअॅक्सियल आहे: मधे तांब्याची तार, भोवती टेफ्लॉनसारखं प्लॅस्टिक, त्यावर धातूची जाळी. लहर तारेतून नव्हे, तार आणि जाळीमधल्या प्लॅस्टिकमधून धावते. जाळीचा व्यास तारेच्या साधारण सव्वातीन-साडेतीन पट ठेवला की वायरचा इंपीडन्स, म्हणजे धावत्या लहरीला वायर करते तो विरोध, 50 ओहम होतो. तो लांबीवर अवलंबून नसतो, आणि मल्टिमीटरवर दिसतही नाही. जाळी बाजूला पिळली की हे गुणोत्तर त्या जागी बिघडतं. मिरजेच्या तंबोऱ्याच्या बारीक तारेला मधेच जाड तार जोडून छेडलं, तर लहर सांध्यावर आपटून थोडी मागे फिरेल. इथंही तसंच होतं.

घरातल्या दिव्याच्या वायरला असा सांधा का चालतो? घरच्या विजेची, म्हणजे 50 हर्ट्झची, तरंगलांबी हवेत 6,000 किलोमीटर, तिच्यापुढे सेंटिमीटरभर सांधा म्हणजे काहीच नाही. वाय-फायची 2.4 गिगाहर्ट्झची लहर या वायरीत जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची, 5 गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून कमी. तिथं सेंटिमीटर फार मोठा.

म्हणून शक्यतो त्याच मॉडेलच्या जुन्या झाकणातून अँटेनासकट अख्खी वायर काढून बसवावी. सांधायचीच असेल तर उघडा भाग दोन मिलिमीटरच्या आत ठेवून तारेला तार लावून सोल्डरचा डाग द्यावा, आणि जाळी चहूबाजूंनी गुंडाळून तिलाही डाग द्यावा. वायरच्या टोकाचं, कार्डावर बसणारं टोपण (कनेक्टर) वायर ओढून काढू नये. ते सरळ वर उचलायचं असतं, आणि फार वेळा काढ-घाल सोसत नाही.